लांज्याजवळ ४०० स्क्वेअर फुटांचं घर, जुन्या सामानाचं आणि वीजमीटर न घेता: जमेल का?

पडवीतला

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसता वाचतोय, आज पहिल्यांदा लिहितोय. लांज्यापासून आत १४ किलोमीटरवर आमचं गाव. आजोबांचं घर २०१९ च्या पावसात मागच्या अंगाला बसलं, आता चौथरा आहे, दोन भिंती आहेत आणि बाकी सगळं रान. मी ठाण्यात, काम लॅपटॉपवरचं, बायको मार्चमध्ये शाळेची नोकरी सोडतेय, मुलगी हॉस्टेलला. तर दोघांच्या डोक्यात असं आहे की तिथं एक छोटं घर करायचं, ४०० स्क्वेअर फुटांच्या वर नाही, होईल तेवढं जुनं सामान वापरून, वीज सोलरची, पाणी पावसाचं, आणि वर्षातले आठ-नऊ महिने तिथंच राहायचं. सात लाख बाजूला ठेवलेत.

आत्तापर्यंत डोक्यात आलेले पर्याय म्हणजे न्हावाशेव्याहून जुना २० फुटी कंटेनर आणून त्याला खिडक्या कापायच्या, किंवा अमेरिकेत न्यू मेक्सिकोमध्ये जुन्या टायरात माती ठोकून भिंती करतात ती अर्थशिपवाली पद्धत, नाहीतर मग साधा चिरा (जांभा दगड). विहीर आहे पण एप्रिलच्या मध्याला तळ दिसतो. पावसाची मोठी टाकी बांधावी म्हणतोय, एक लाख लिटरची तरी. बायकोची अट एकच, रात्री संडासाला बाहेर जावं लागणार असेल तर मी येणार नाही. कोणी केलंय का असं काही? स्पष्ट लिहा, वाईट वाटणार नाही.

किंजळ

केलंय. संगमेश्वर तालुक्यात, ३८० स्क्वेअर फूट, सहा पावसाळे काढलेत, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

कंटेनर डोक्यातून काढा. फोटोत छान दिसतो, पण आतून रुंदी जेमतेम पावणेआठ फूट, त्यात तुम्ही उष्णतेसाठी आतून इन्सुलेशन आणि पॅनेल मारणार म्हणजे अजून अर्धा फूट गेला, पलंग टाकल्यावर माणसानं तिरकं चालायचं. रिकामा डबा दोन टनाच्या वर असतो, तो ट्रेलरवरून तुमच्या वाडीपर्यंत नेणार कोण, आणि उतरवायला क्रेन वळेल का त्या पाणंदीत? मे महिन्यात भट्टी, पावसाळ्यात गंज. शिवाय त्याची प्लायवूडची जमीन कीड लागू नये म्हणून औषध मारलेली असते, ती उपटून टाकावी लागते. एवढं करून तुम्ही वर पत्र्याचं छप्पर टाकणारच, मग डबा कशाला घेतला?

टायरचं म्हणाल तर मायकेल रेनॉल्ड्सनी ते ताओसला केलं, तिथं दिवसा कडक ऊन, रात्री थंडी आणि पाऊस आपल्या एका आठवड्याएवढा वर्षभरात. जाड मातीची भिंत दिवसाची ऊब धरून ठेवते आणि रात्री सोडते, हे तिथं वरदान आहे. आपल्याकडं ऊब कोणाला पाहिजे? आपल्याला वारा पाहिजे, रुंद वळचण पाहिजे आणि भिंत कोरडी पाहिजे.

आता मुख्य मुद्दा, जो तुम्हीच लिहिलाय आणि तुमच्याच लक्षात आलेला नाही. तुमच्या चौथऱ्यावर आजोबांचा चिरा पडलाय!! जुनं घर असेल तर तो मातीत बसवलेला असणार, सिमेंटमध्ये नाही. मातीतला चिरा अख्खा सुटतो, कोयतीनं खरवडला की परत लावायला तयार. सिमेंटमधला काढायला गेलात की तुकडे. आमच्या ४०० चिऱ्यांपैकी साधारण ३०० परत लागले, बाकीचे पायरीला आणि गडग्याला (दगडी कुंपणाला) गेले. केरळातले वास्तुविशारद लॉरी बेकर गांधीजींची गोष्ट सांगायचे ना, घराला लागणारं सामान पाच मैलांच्या आतलं असावं, तुमचं तर पाच पावलांवर आहे.

जुन्या लाकडाबद्दल मात्र सावध करतो. वासे, तुळया, दरवाजे मोडीत स्वस्त मिळतात हे खरं. मी ऐन आणि सागवान मिळून ८२ हजारांचं उचललं आणि जाम खूश होतो. मग सुतार आला. प्रत्येक वाशातले खिळे काढायचे, वाळवी लागलेलं टोक कापायचं, लांबी जुळत नाही म्हणून सांधे करायचे, रंधा मारताना पाती जायची. सुताराची मजुरी झाली १ लाख ४० हजार. म्हणजे जुनं सामान स्वस्त असतं, जुन्या सामानाचं घर नसतं. त्याच्यासाठी माणूस लागतो आणि गावात माणूस उरला नाही, जे आहेत ते मुंबईकरांचे बंगले बांधतायत. सातात बसेल, पण त्यातले साडेतीन नुसते मजुरीचे धरा.

छपराला कौलं हवीत असं वाटत असेल (मलाही वाटत होतं) तर पुढचा प्रतिसाद येऊ दे, कोणीतरी माकडांबद्दल लिहीलच.

कणकवलीकर

मी लिवतंय. माकडांचा काय करतलास ता आधी सांग 😀

आमच्याकडं दरवर्षी वैशाखात शाकारणी (कौलं परत नीट लावणं), आणि भाद्रपदापर्यंत परत वीस ठिकाणी गळती, कारण एक टोळी आली की आढ्यावरून खाली घसरगुंडी खेळते. म्हणून लोकांनी कौलं काढून पत्रे टाकले, हौस म्हणून कोणी टाकत नाही हो पत्रे. पण तुमचं काम लॅपटॉपवर आहे ना? जुलैत पत्र्याखाली बसून मीटिंग करून दाखवा, समोरच्याला वाटेल तुम्ही धबधब्यात बसलाय. मधला मार्ग म्हणजे खाली पत्रा आणि त्यावर जुनी मंगळुरी कौलं. आवाज मरतो, उष्णता अडते आणि कौल फुटलं तरी घरात पाणी येत नाही. वजन वाढतं म्हणून वासे जरा भरीव घ्या.

वहिनींच्या अटीबद्दल: संडास घरालाच लागून करा, आतून दार, खड्डे मागे. दोन खड्ड्यांचा करा. एक भरला की पाणी दुसऱ्याकडं वळवायचं, पहिला दोनेक वर्षं बंद ठेवला की आतलं खत होतं, वास नाही काही नाही, माडाला घाला. आमच्या कणकवलीत गोपुरी आश्रमात अप्पासाहेब पटवर्धनांनी हेच काम आयुष्यभर केलं, गोपुरी संडास त्यांचाच. एकच सांभाळा, तुमच्याकडं कातळ असेल तर त्याला भेगा असतात, मैला भेगेतून कुठं जाईल सांगता येत नाही, त्यामुळं विहिरीपासून जेवढं लांब आणि उताराच्या खाली जाता येईल तेवढं जा. न्हाणीचं पाणी अळू-केळीला सोडा, त्याला खड्डा नको.

आणि हे सगळं करण्याआधी सातबारा काढा. नावं किती आहेत त्यावर? आमच्या एका गुंठ्यावर २३ आहेत, त्यातली सहा माणसं आता या जगात नाहीत. जुन्या घराची ग्रामपंचायतीत नमुना ८ ला (घरांच्या रजिस्टरला) नोंद आणि घरपट्टी चालू असेल तर त्याच चौथऱ्यावर बांधणं बरंच सोपं जातं. भाऊकीची संमती मात्र लेखी घ्या, तोंडी 'बांध रे बांध' म्हणणारा काका भिंत उभी राहिल्यावर येतो.

बारा व्होल्ट

विजेचं आणि पाण्याचं गणित करूया, कारण एक लाख लिटरची टाकी बघून मला चक्कर आली.

५० चौरस मीटर छप्पर आणि तीन हजार मिलिमीटर पाऊस म्हणजे दीड लाख लिटर पडणार, बरोबर. पण साठवायचं किती ते पडतं किती यावरून ठरत नाही, विहीर कधी आटते यावरून ठरतं. मध्य एप्रिल ते मध्य जून ६० दिवस, दोघांना मिळून रोज १२० लिटर, झाले ७,२००. फेरोसिमेंटची (तारेच्या जाळीवर सिमेंट लिंपून केलेली) १० हजार लिटरची टाकी पुरे. ती जूनच्या पहिल्या पाण्यानं भरू नका, छपरावरची धूळ, पालापाचोळा, माकडांचा प्रसाद सगळं त्यात येतं. ऑगस्ट-सप्टेंबरात छप्पर धुऊन निघालेलं असतं तेव्हा भरायची आणि झाकण घट्ट लावायचं, उजेड गेला नाही की शेवाळ धरत नाही.

वीज: २ बीएलडीसी (कमी वीज खाणारे) पंखे ३० वॅटचे दहा तास, ५ दिवे, दोन लॅपटॉप सहा तास, राउटर दिवसभर, होतात साधारण पावणेदोन युनिट. छोटा फ्रिज धरला तर अडीच. एक किलोवॅट पॅनेल स्वच्छ उन्हात दिवसाला चार युनिट देतं, म्हणजे ऑक्टोबर ते मे तुम्ही राजे. जुलैत सलग आठ दिवस झड लागली की तेच पॅनेल एक युनिटही धड देत नाही. मग तिप्पट पॅनेल लावा, मोठी बॅटरी घ्या, जनरेटर ठेवा, किंवा गुपचूप मीटर घ्या. मी म्हणेन मीटर घ्या. अभिमान बाजूला ठेवून. शिवाय पीएम सूर्यघर या सरकारी सोलर योजनेची सबसिडी (३ किलोवॅटला ७८ हजार) ग्रिडला जोडलेल्या सिस्टिमलाच आहे, मीटर नसेल तर शून्य. बॅटरी घेणार असाल तर लिथियम आयर्न फॉस्फेट घ्या, ट्यूबलरमधली (इन्व्हर्टरची नेहमीची लेड-ॲसिड) निम्मीच वीज वापरायची असते आणि पाणी घालत बसावं लागतं.

घाटावरची

सगळे टाकीचं आणि पत्र्याचं लिहितायत, मी एक वेगळंच विचारते. तुम्ही आठ-नऊ महिने राहणार म्हणताय, नसाल ते तीन महिने कोणते? जून ते ऑगस्ट ठाण्यात असाल तर कृपया बांधू नका. माझ्या सासऱ्यांनी गुहागरकडं हौसेनं घर केलं, पावसाळ्यात बंद. गणपतीला दार उघडलं की गाद्यांना बुरशी, दाराच्या चौकटीला वाळवीची माती, एका वर्षी कपाटात धामण. चूल पेटत नाही, कोणी सारवत नाही, दारं उघडत नाहीत, ते घर आतून भिजतंच. तुमच्या आजोबांचं घर पावसानं पडलं म्हणताय, ते त्याआधी किती वर्षं बंद होतं?

आणि साधं राहायला लांज्यालाच जावं लागतं असं काही नाही हं. पुण्यात भर बुधवार पेठेत डॉ. हेमा साने राहिल्या वीज न घेता, वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापक होत्या, गरवारे कॉलेजात शिकवायच्या, पुस्तकं लिहिली, सगळं विजेशिवाय. त्यांना कंटेनर लागला नाही. टोमणा नाही मारत, पण आधी ठाण्यातल्या घरात एक महिना फ्रिज आणि वॉशिंग मशीन बंद ठेवून बघा दोघं, मग चिरे मोजा.

पडवीतला

सगळ्यांचे आभार. कंटेनर रद्द, टायर रद्द. बारा व्होल्ट, मीटरचं बायकोला सांगितलं तर ती म्हणाली हे मी आधीपासून सांगत होते, जे खरं आहे.

घाटावरची ताई, घर ११ वर्षं बंद होतं. आजी गेल्यापासून. हे लिहिताना जरा हात थांबला. आम्ही उलट करायचं ठरवतोय, पावसाळा तिथं आणि एप्रिल-मे ठाण्यात, म्हणजे पाण्याचा प्रश्नही निम्मा सुटतो.

फ्रिज काल बंद केला. दूध दुपारीच नासलं, बायकोनं पनीर केलं.

सातबाऱ्यावर १७ नावं आहेत, त्यातले एक चुलत चुलते बडोद्याला, त्यांचा नंबर शोधतोय. किंजळ, एक विचारायचं होतं, चिरे काढायला पावसाआधी माणसं लावू की आधी रान तोडून घेऊ? दोन भिंती अजून उभ्या आहेत त्यातली एक बाहेर झुकलीय.

किंजळ

आधी रान, तेही तुम्ही स्वतः हात न घालता, गावातला माहितगार घ्या, पडक्या भिंतीत घोणस असते. झुकलेल्या भिंतीच्या खाली उभं राहून चिरे काढू नका, वरच्या थरापासून एकेक उतरवायचे, आणि काढलेले चौथऱ्यावरच रचा, रस्त्याकडेला नको, परत याल तेव्हा अर्धे दुसऱ्याच्या गडग्यात दिसतील. जोत्याचा फोटो टाका इथं, कोपरे खचलेत का बघतो.