प्रति: हृदय आणि निष्काम कर्म

निष्काम कर्म, म्हणजे फळाची अपेक्षा न ठेवता केलेलं काम, समजावताना 'हृदय क्षणभरही थांबत नाही, स्वतःसाठी काही ठेवत नाही' असा दाखला वर दिला आहे, तो मला पटत नाही. महाधमनीला, म्हणजे हृदयातून निघणाऱ्या मुख्य रक्तवाहिनीला, फुटणाऱ्या पहिल्या दोन शाखा हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या. साधारण ५ टक्के रक्त तिथे जातं. विश्रांतीही असतेच. मिनिटाला ७५ ठोके धरले तर एक ठोका ०.८ सेकंदाचा, त्यात आकुंचन जेमतेम ०.३, बाकी सगळं शिथिल होणं. म्हणून इथे गीतेच्या सहाव्या अध्यायातलं युक्ताहारविहाराचं सूत्र, म्हणजे आहार, काम आणि विश्रांती सगळं प्रमाणात असावं हे, जास्त चपखल बसतं.

डाव्या खालच्या कप्प्याच्या जाड भिंतीला रक्त मुख्यतः शिथिल असतानाच मिळतं, कारण आवळलेला स्नायू आपल्याच वाहिन्या दाबतो. ठोके फार वाढले की सगळ्यात जास्त कात्री लागते ती या शिथिल होण्याच्या वेळेला, आणि नेमकी तेव्हाच स्नायूची गरज वाढलेली असते.