जगाच्या बाजाराला जोडून आपल्या शेतकऱ्याला नेमकं काय मिळालं?

निपाणीकर:
1991 नंतर देश जगाच्या बाजाराला जोडला गेला म्हणून सगळ्यांचंच भलं झालं असं सारखं ऐकतोय, मला काय पटत नाही. आमच्याकडं लोकांनी सोयाबीन धरलं. सप्टेंबर 2024 ला सरकारनं बाहेरनं येणाऱ्या कच्च्या खाद्यतेलावरची बेसिक ड्युटी शून्यावरनं 20 टक्के केली, जरा बरं वाटलं, आणि मे 2025 च्या शेवटी ऐन पेरणीच्या तोंडावर परत 10 वर आणली! देशाला लागणारं निम्म्याहून जास्त तेल बाहेरनं येतंय, इंडोनेशिया-मलेशियाचं पाम, अर्जेंटिनाचं सोया. 2025-26 ला सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला 5328 रुपये होता, पण अडतीत पोतं फोडून मूठभर दाणे तळहातावर घेतात, ओल आहे म्हणतात आणि भाव पाडतात. जगाशी स्पर्धा करायची ती फक्त शेतकऱ्यानं काय?

उद्यमबागवाला:
दादा, राग खरा आहे पण तो चुकीच्या जागी काढालाय. बेळगावच्या फौंड्रीतलं कास्टिंग परदेशात जातंय, बेळगाव जिल्ह्यातल्याच हत्तरगीत विमानाचे पार्ट बनतात, आयटीआय केलेल्या आपल्या पोरांना पुण्याला न जाता घरनं डबा घेऊन कामावर जाता येतंय ते कशामुळं? आणि उसाचं बघा की. जून 2022 पासून साखर एक्सपोर्टवर बंधनं आली ती दिल्लीनं घातलेली, डब्ल्यूटीओनं म्हणजे जागतिक व्यापार संघटनेनं नव्हं. नोव्हेंबर 2025 ला बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर शेतकरी उसाला टनामागं 3500 रुपये मागत बसले, 3300 वर मिटलं, तेव्हा राज्य सरकारनंसुद्धा एक्सपोर्टच्या बंधनाकडंच बोट दाखवलं. व्यापार जास्त झाला म्हणून नाही, अडवला म्हणून नुकसान झालंय.

निपाणीकर:
तेच तर म्हणालोय मी! तेल महागलं की बाहेरचा माल आत, साखर महागायची भीती वाटली की आपला माल बाहेर जायला बंदी. दोन्ही वेळेला मार शेतकऱ्यालाच. आणि ऑगस्ट 2025 ला अमेरिकेनं भारताच्या बऱ्याच मालावर 50 टक्के टॅरिफ लावला तेव्हा? एका देशाच्या ऑर्डरीवर पोट ठेवलं की असं होतंय.

उद्यमबागवाला:
मग चार देशांच्या ऑर्डरी धरायच्या, दुकान बंद करून कसं चालेल? व्हिएतनाम 2007 ला डब्ल्यूटीओत गेला आणि आज कुठं आहे बघा. आपण नोव्हेंबर 2019 ला आरसीईपीतनं, म्हणजे आशियातल्या देशांच्या मोठ्या व्यापार करारातनं, बाहेर पडलो, त्यानं छोट्या कारखानदाराचं काय भलं झालं ते मला तरी दिसत नाही.

वडगावची_सून:
भाऊ, आरसीईपीत चीन होता, आणि स्वस्त माल आत आल्यावर आमचे माग किती दिवस चालले असते ते पण सांगा. ऑर्डर आली म्हणजे बाईच्या हातात पैसा येतोच असं नाही. बांगलादेशात कपड्याच्या एक्सपोर्टनं लाखो बायकांना पगार मिळाला, हे मी मानते, मोठी गोष्ट आहे ती. पण 2013 ला तिथली राणा प्लाझा ही कपड्याच्या कारखान्यांची इमारत कोसळून 1100 च्या वर माणसं मेली, भिंतीला तडे गेलेले दिसत असताना कामावर बोलावलं होतं त्यांना. इथं मागावर बसणाऱ्याला पीएफ नाही, कापसाच्या धुळीनं छाती भरते, त्याबद्दल कुठल्या करारात एक ओळ असती काय?

अथणीकर:
ताईंचं बरोबर आहे. कोल्हापुरी चपलेला 2019 ला जीआय, म्हणजे ठराविक भागातल्या मालालाच ते नाव लावायचा हक्क, मिळाला, महाराष्ट्राचे चार आणि आपल्या बेळगावसकट कर्नाटकचे चार जिल्हे मिळून. तरी जून 2025 ला प्राडा या इटलीच्या फॅशन कंपनीनं मिलानच्या शोमध्ये तसलीच चप्पल नाव न घेता दाखवली, ओरड झाल्यावर ती कोल्हापुरीवरनं घेतली हे मानलं. मला बाहेरचं गिऱ्हाईक पाहिजेच, पण चामडं कमावणाऱ्याला आणि वेणी घालणाऱ्या बायकांना जोडीमागं किती मिळणार ते आधी कागदावर येऊ दे, मगच माल द्यायचा.