प्री-मेडच्या पहिल्याच सेमिस्टरला तीन लॅब सायन्स? माझं मत: दोनच घ्यावेत

जर्सीची_मावशी:
भाचीचं ऑगस्टअखेर इथल्याच स्टेट युनिव्हर्सिटीत कॉलेज सुरू होतंय, डॉक्टर व्हायचंय. पहिल्याच सेमिस्टरला बायो, जनरल केमिस्ट्री, फिजिक्स तिन्ही लॅबसकट, वर कॅल्क्युलस आणि रायटिंग, सगळे मिळून 19 क्रेडिट. घरचे खूश आहेत, पोरगी हुशार आहे, झेपेल म्हणतात. मला हे अजिबात पटत नाहीये. आपल्याकडे नीट झाली की एमबीबीएसची ॲडमिशन झाली, इथे अमेरिकेत तसं नाही. प्री-मेड म्हणजे मेडिकलला जायची तयारी, ती काही डिग्री नाही, मेजर (मुख्य विषय) कुठलाही चालतो, पण अर्ज करताना पहिल्या सेमिस्टरपासूनचे सगळे ग्रेड जातात आणि बायो, केम, फिजिक्स, मॅथ्सचा जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, वेगळा काढतात. एमडीच्या (इथली डॉक्टरची पहिलीच डिग्री) अर्जात कोर्स परत घेतला तरी जुना ग्रेड पुसला जात नाही, दोन्ही धरतात.

आणि लॅब कागदावर एक क्रेडिटची दिसते हो, प्रत्यक्षात तीन तास गॉगल लावून उभं राहायचं, टायट्रेशनला शेवटचा थेंब जास्त पडला की फिका गुलाबी यायच्या ऐवजी भडक गुलाबी, की परत पहिल्यापासून, आणि रात्री रिपोर्ट लिहायचा तो वेगळाच. अशा तीन आठवड्याला? फिजिक्स काढा, 15 क्रेडिट राहतात, तेवढे भरपूर झाले.

बोस्टनकर:
मावशी, काळजी समजते पण असहमत. आज काढलेलं फिजिक्स जाणार कुठे? दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिक केमिस्ट्री, दोन्ही सेमिस्टर. तिसऱ्या वर्षी बायोकेम, आणि कॉलेजनंतर वर्षाची गॅप न घेता मेडिकलला जायचं असेल तर त्याच वर्षी एमकॅट, म्हणजे मेडिकल प्रवेशाची साडेसात तासांची परीक्षा, लगेच मे-जूनमध्ये अर्ज. त्यात व्हॉलंटिअरिंग, शॅडोइंग (डॉक्टरांबरोबर राहून काम बघणं). फिजिक्स तिथे ढकललं तर नाकीनऊ येतील. पहिल्या वर्षी निम्मा अभ्यास हायस्कूलमध्ये झालेला असतो, तेव्हाच उरकून घ्यावं.

जर्सीची_मावशी:
तिसऱ्या वर्षी कोण म्हणतंय, दुसऱ्या वर्षी ऑरगॅनिकबरोबर घेऊ दे की. तेव्हाही दोनच लॅब होतात, आणि तोवर कॉलेजात अभ्यास कसा करायचा ते कळलेलं असतं. शिवाय हल्ली मेडिकलला जाणारी बहुतेक मुलं एखादं वर्ष गॅप घेतातच.

केम_टीए:
मी जनरल केमच्या लॅब घेते. मी तर म्हणेन दोनसुद्धा सगळ्यांना झेपत नाहीत. पहिल्या मिडटर्मनंतर माझ्याकडे रडत येणारी मुलं मठ्ठ नसतात, हायस्कूलमध्ये न अभ्यास करता ए मिळालेला असतो आणि इथे एका आठवड्यात एक चॅप्टर होतो. थांबवू नये असं एकच आहे, जनरल केम, कारण ऑरगॅनिक त्यावाचून घेता येत नाही. बायो एक सेमिस्टर थांबली तर काही बिघडत नाही. तिच्याऐवजी सायकॉलॉजी घ्या, 2015 पासून एमकॅटमध्ये त्याचा अख्खा सेक्शन आहे. 12 क्रेडिटला फुल-टाइम धरतात, फक्त स्कॉलरशिपची अट आधी बघा.

बोस्टनकर:
गॅप इयर इतकं सहज बोलू नका. वर्षभराचं भाडं, इन्शुरन्स, आणि डॉक्टरचा पगार सुरू व्हायला अजून एक वर्ष उशीर, सगळ्या घरांना परवडत नाही. तिला एपी फिजिक्समध्ये (हायस्कूलमधला कॉलेजच्या पातळीचा कोर्स) 5 पैकी 5 असतील तर फिजिक्स आत्ताच सोपं जाईल ना?

जर्सीची_मावशी:
5 आहेत. पण कॉलेज क्रेडिट देतं म्हणून सगळी मेडिकल स्कूल ते धरतात असं नाही, काहींना कॉलेजमधलाच कोर्स लागतो, आणि पाया पक्का आहे तर वर्षभराने कुठे विसरणारे ती. तुमचा पैशाचा मुद्दा खरा आहे, पण पहिल्या वर्षी दोन सी ग्रेड आले तर ते भरून काढायलाच गॅप घ्यावी लागेल, मग तो खर्च कुठे चुकला?

बोस्टनकर:
निदान तिला सुरू तर करू द्या. ड्रॉपची मुदत साधारण पहिला-दुसरा आठवडा असते, तोवर काढलं तर ट्रान्सक्रिप्टवर काहीच दिसत नाही.

केम_टीए:
पण पहिली मिडटर्म त्या मुदतीनंतर असते. नंतर काढलं की ट्रान्सक्रिप्टवर डब्ल्यू, म्हणजे कोर्स मध्येच सोडल्याचा शेरा, लागतो. उलट करा, 15 वर सुरू करा आणि फिजिक्स जानेवारीत सुरू करता येतं का ते ॲडव्हायजरला आत्ताच विचारून ठेवा.