मदत हवी आहे: जॉन मॅक्लेंडन दीड पानात कसे बसवू?

मंडळी, शाळेच्या वार्षिक अंकातली खेळाची दीड पानं यंदा माझ्या गळ्यात पडली आहेत. मी बास्केटबॉल शिकवतो, लिहिणं माझा प्रांत नाही. विषय मात्र हौसेने मीच निवडला: अमेरिकेतले कृष्णवर्णीय बास्केटबॉल प्रशिक्षक जॉन मॅक्लेंडन. वाचणारी मुलं आठवी-नववीची. जॉर्डन, कोबी, करी तोंडपाठ. मॅक्लेंडन हे नाव ऐकलेलं एकही पोर नाही.

जमवलेला मजकूर थोडक्यात असा. जन्म १९१५, कॅन्सस राज्यात. कॅन्सस विद्यापीठात शारीरिक शिक्षणाच्या पदवीसाठी गेले तेव्हा मार्गदर्शक कोण, तर १८९१ मध्ये ज्यांनी हा खेळच काढला ते जेम्स नेस्मिथ! तरी विद्यापीठाच्या संघाचं दार बंद, कारण संघ फक्त गोऱ्यांचा. शिकत असतानाच लॉरेन्स गावच्या हायस्कूलमध्ये कृष्णवर्णीय मुलांच्या संघाचे ते प्रशिक्षक झाले. १९३६ ला पदवी, मग आयोवात पदव्युत्तर शिक्षण, आणि १९३७ मध्ये नॉर्थ कॅरोलायनातल्या डरहॅमला, कृष्णवर्णीयांच्या कॉलेजात. १९४० पासून तिथे मुख्य प्रशिक्षक.

पुढे टेनेसी ए अँड आय या कृष्णवर्णीयांच्याच कॉलेजला १९५७, ५८ आणि ५९ अशी ओळीने तीन राष्ट्रीय विजेतेपदं. १९६६ मध्ये क्लीव्हलँड स्टेट, म्हणजे गोऱ्यांचं प्राबल्य असलेल्या विद्यापीठात नेमलेले पहिले कृष्णवर्णीय मुख्य प्रशिक्षक. बास्केटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये, म्हणजे दिग्गजांच्या मानाच्या यादीत, दोनदा: १९७९ ला खेळातल्या योगदानासाठी, २०१६ ला प्रशिक्षक म्हणून. (दुसऱ्यांदा सन्मान झाला तेव्हा त्यांना जाऊन सतरा वर्षं झाली होती.)

अडचण अशी की संपादक मॅडमना यातलं काही नको. त्यांना फक्त १२ मार्च १९४४ चा 'गुप्त सामना' हवाय. तेव्हा तिथे गोऱ्यांनी आणि कृष्णवर्णीयांनी एकत्र खेळायला बंदी. रविवारची सकाळ, डरहॅम गाव चर्चमध्ये, जिमला आतून कुलूप, आणि ड्यूक विद्यापीठाच्या मेडिकलच्या गोऱ्या विद्यार्थ्यांचा संघ चोरून खेळायला आलेला. मॅक्लेंडनच्या मुलांनी ८८-४४ ने धुतला. गोष्ट जबरदस्त आहे, नाही कोण म्हणतंय? पण मग सबंध कारकीर्द एका सकाळीत गुंडाळली जाते. काय ठेवू, काय गाळू?

सांगलीकर: सर, मॅडमचं अगदीच चुकलेलं नाही. मुलांना गोष्ट लागते. फक्त ती 'बिचाऱ्यांवर अन्याय' या सुरात सांगू नका. ड्यूकचे खेळाडू लेचेपेचे नव्हते, त्यांच्यात वेगवेगळ्या कॉलेजांकडून खेळलेली मुलं होती. मग दुप्पट गुणांनी का हरले? या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच मॅक्लेंडनची शिकवण. त्या काळी सावकाश, जागा धरून खेळायची रीत होती. मॅक्लेंडनची मुलं समोरच्या संघाला पूर्ण कोर्टभर दाबायची आणि बॉल हाती आला की सुटायची. आणि हो, सामना संपल्यावर दोन्ही संघ मिसळून पुन्हा खेळले, ते विसरू नका. बातमी छापली गेली नाही. जगाला कळलं ते थेट १९९६ मध्ये.

जुना गार्ड: सांगलीकरांशी सहमत, पण बॉल हाती येताच सुटायचं हे तंत्र, म्हणजे फास्ट ब्रेक, नीट समजावून सांगा, नुसतं 'वेगवान खेळ' लिहून भागवू नका. रिबाउंड (हुकलेल्या शॉटचा बॉल) मिळाला की ड्रिबल, म्हणजे बॉल आपटत नेणं, नाही, आधी कडेला उभ्या गड्याकडे पास. तेवढ्यात दोघे दोन्ही बाजूंच्या लेन धरून पळतात, बॉल मधून पुढे जातो, समोरचा बचाव उभा राहायच्या आत शॉट. मुलांना खो-खोचं उदाहरण द्या: खो दिला की दिला, तिथे रेंगाळायचं नाही. यासाठी दम लागतो, म्हणून मॅक्लेंडन खेळाडूंना रानोमाळ लांब पळवायचे. आमच्याकडे पोरांना दोन फेऱ्या सांगितल्या की पालकांचा फोन येतो, असो.

आणि १९५७ गाळू नका हो. ही विजेतेपदं एनएआयए या कॉलेजांच्या क्रीडा संघटनेची. तिच्या राष्ट्रीय स्पर्धेची दारं कृष्णवर्णीय कॉलेजांना १९५३ पर्यंत बंद होती. ती उघडावीत म्हणून भांडणाऱ्यांत मॅक्लेंडन पुढे होते. आधी दार उघडायला लावलं, मग आत जाऊन तीनदा जिंकले. माझ्या मते कुलूपबंद जिमपेक्षा हे मोठं.

नवखी: पोहण्याच्या तलावाचं घ्याल का? कॅन्सस विद्यापीठाचा तलाव कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना बंद होता, तो त्यांनी विद्यार्थी असतानाच खुला करायला लावला. नववीच्या मुलांना हे पटकन भिडेल.

धागाकर्ता: सर्वांचे आभार. तलाव चौकटीत टाकतो. क्रम असा ठरवलाय: सुरुवातीला सामना, '४४ गुणांचा फरक कशाने पडला' या प्रश्नावरून फास्ट ब्रेक, तिथून मागे नेस्मिथ आणि हायस्कूलचा संघ, मग १९५७. क्लीव्हलँडला दोन ओळी. मॅडम तयार झाल्या, पण फास्ट ब्रेकची आकृती मागतात. माझी चित्रकला फळ्यापुरतीच. मोबाइलवर कोर्टाची आकृती काढून मराठीत नावं टाकता येतील असं एखादं फुकट अ‍ॅप कुणी वापरलंय का? मजकूर शुक्रवारपर्यंत छापखान्यात द्यायचाय.