ॲटर्नी जनरल, महाधिवक्ता, महान्यायवादी: कुठे कोणता शब्द?

रानजाई
अमेरिकेतल्या बातम्यांचे मराठी अनुवाद वाचताना एकाच पदासाठी चार शब्द दिसतात: न्यूयॉर्कच्या 'महाधिवक्ता', 'महान्यायवादी', 'सरकारी वकील' आणि नुसतं 'ॲटर्नी जनरल'. यातला बरोबर कोणता? शिवाय आपल्याकडे 'महाधिवक्ता' लिहायचं की 'महाअधिवक्ता'?

उभा_वकील
दुसरा प्रश्न आधी. महा + अधिवक्ता = महाधिवक्ता. 'महाअधिवक्ता' पुष्कळ छापलं जातं, पण संधी न करण्याचं कारण नाही. सामान्यरूप 'वक्ता'सारखं चालवायचं: महाधिवक्त्यांनी, महाधिवक्त्यांची. 'महाधिवक्तांनी' चूक.

भारतापुरती वाटणी पक्की आहे. राज्यघटनेच्या अनुच्छेद 76 मधले केंद्राचे मुख्य कायदा अधिकारी म्हणजे महान्यायवादी (ॲटर्नी जनरल), अनुच्छेद 165 मधले राज्याचे महाधिवक्ता (ॲडव्होकेट जनरल). त्यामुळे 'महाराष्ट्राचे महान्यायवादी' असं पदच नाही. दोन्ही अनुच्छेदांचा साचा सारखा असला तरी एक फरक लक्षात ठेवावा: 76 मध्ये महान्यायवादींना देशातल्या सर्व न्यायालयांत बाजू मांडण्याचा हक्क स्पष्ट लिहून दिला आहे, 165 मध्ये तसं कलम नाही.

महाधिवक्त्यांची नेमणूक राज्यपाल करतात. पात्रता उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाची: भारतीय नागरिकत्व आणि दहा वर्षं उच्च न्यायालयातली वकिली किंवा दहा वर्षं न्यायिक पद. मुदत ठरलेली नाही. राज्यपालांची मर्जी असेपर्यंत, म्हणजे व्यवहारात मंत्रिमंडळाचा विश्वास असेपर्यंत. वयाची अटही नाही. राज्यघटना लागू झाल्यावर थोड्याच काळात हा वाद नागपूर उच्च न्यायालयात गेला होता (करकरे विरुद्ध शेवडे). न्यायाधीश तेव्हा साठाव्या वर्षी निवृत्त होत, मग साठी ओलांडलेला माणूस महाधिवक्ता कसा, असा आक्षेप होता. न्यायालयाने तो फेटाळला: साठ वर्षं ही न्यायाधीशाच्या कार्यकाळाची मर्यादा आहे, पात्रतेची अट नव्हे.

अनुच्छेद 177 प्रमाणे ते विधानसभेत आणि विधान परिषदेत बोलू शकतात, मत देऊ शकत नाहीत.

सातासमुद्रा
अमेरिकेच्या बातमीत मी 'ॲटर्नी जनरल' असंच ठेवेन, कारण तिकडच्या राज्यांतलं हे पद घडणीनेच वेगळं आहे. 50 पैकी 43 राज्यांत ॲटर्नी जनरल थेट लोकांच्या मतांनी निवडून येतात. अलास्का, हवाई, न्यू हॅम्पशायर, न्यू जर्सी आणि वायोमिंग या पाच राज्यांत गव्हर्नर नेमतात, मेनमध्ये विधिमंडळ निवडतं, टेनेसीत राज्याचं सर्वोच्च न्यायालय.

निवडून आल्यामुळे त्यांचा पक्ष गव्हर्नरपेक्षा वेगळा असू शकतो आणि दोघांचे मार्गही. मिसिसिपीचं उदाहरण घ्या. तिथले ॲटर्नी जनरल माइक मूर यांनी 1994 मध्ये सिगारेट कंपन्यांवर दावा लावला. धूम्रपानाने आजारी पडलेल्या गरिबांच्या उपचारावर राज्याने केलेला खर्च कंपन्यांनी भरून द्यावा, ही मागणी. गव्हर्नर कर्क फोर्डिस यांचा विरोध होता. दावा थांबवावा म्हणून ते राज्याच्या सर्वोच्च न्यायालयात गेले, पण दावा थांबला नाही. पुढे एकामागून एक राज्यं उतरली. मिसिसिपीसह चार राज्यांनी आपापल्या तडजोडी केल्या आणि उरलेल्या 46 राज्यांनी 1998 मध्ये चार मोठ्या कंपन्यांशी एकत्रित करार केला.

आता या बातमीत 'मिसिसिपीच्या महाधिवक्त्यांनी दावा लावला' असं लिहिलं, तर मराठी वाचक काय समजेल? सरकारने ठरवलं आणि सरकारच्या वकिलांनी दावा दाखल केला. घडलं नेमकं उलट. म्हणून शब्द बदलू नये असं माझं ठाम मत.

तीच काळजी 'गव्हर्नर'ची. तिथे 'राज्यपाल' लिहिलं की निवडून आलेला कार्यकारी प्रमुख वाचकाच्या डोळ्यांसमोर येतच नाही.

रानजाई
मग 'सरकारी वकील' कुणाला म्हणायचं? न्यूयॉर्कच्या बातम्यांत तीन-तीन 'ॲटर्नी' असतात.

सातासमुद्रा
तिथेच सगळ्यात जास्त घोटाळा होतो. तिघं तीन पायऱ्यांवर आहेत. मॅनहॅटनचे डिस्ट्रिक्ट ॲटर्नी काउंटीपुरते, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागापुरते. खून, चोरी, फसवणूक असे फौजदारी खटले ते चालवतात आणि तेही निवडून येतात. आपल्या 'जिल्हा सरकारी वकील' या शब्दाशी त्यांचं जमतं, फक्त 'निवडून आलेले' हे एकदा सांगून टाकावं. न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरल अख्ख्या राज्याच्या. आणि 'युनायटेड स्टेट्स ॲटर्नी' हे केंद्र सरकारचे, अध्यक्षांनी नेमलेले, एका न्यायिक जिल्ह्यापुरते. त्यांना 'केंद्रीय सरकारी वकील' म्हणावं. 'अमेरिकेचे ॲटर्नी जनरल' म्हणालात तर थेट केंद्रीय न्याय खात्याचे प्रमुख झाले.

ट्रम्प यांच्या प्रकरणांत हे नीट दिसतं. 2023 मध्ये 34 आरोपांचं फौजदारी प्रकरण उभं केलं ते मॅनहॅटनच्या डिस्ट्रिक्ट ॲटर्नींनी. मालमत्तेच्या फुगवलेल्या किमतींबद्दलचा 2022 चा दिवाणी दावा ॲटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांचा, राज्याच्या एक्झिक्युटिव्ह लॉच्या कलम 63(12) खाली. दोन्हींना सरसकट 'खटला भरला' म्हटलं की फरक पुसला जातो. दिवाणी असेल तर 'दावा दाखल केला', फौजदारी असेल तरच 'खटला' किंवा 'आरोपपत्र'. रोखे व्यवहारांतल्या फसवणुकीसाठी न्यूयॉर्कच्या ॲटर्नी जनरलच्या हाती 1921 चा मार्टिन ॲक्टही आहे. तो मात्र दिवाणी आणि फौजदारी दोन्हीकडे चालतो, तेव्हा बातमी दोनदा वाचून क्रियापद निवडावं.

कुलमुखत्यार
'जनरल'चा अर्थ इथे सेनापती नव्हे. ॲटर्नी म्हणजे दुसऱ्याच्या वतीने काम करायला नेमलेला. जनरल म्हणजे एका कामापुरता नव्हे, सर्व कामांसाठी. विशेषण नामाच्या मागे, फ्रेंच वळणाने. म्हणून इंग्रजीत अनेकवचन 'ॲटर्नीज जनरल'. आपल्याकडे ही जोडी दस्तनोंदणीत रोज वापरली जाते: कुलमुखत्यारपत्र. कुल म्हणजे सगळं, मुखत्यार म्हणजे अखत्यार मिळालेला. इंग्लंडच्या राजाचा असा मुखत्यार वसाहतींत गेला आणि व्हर्जिनियात 1643 मध्येच ॲटर्नी जनरल नेमला गेला. म्हणजे हे पद अमेरिकेच्या स्वातंत्र्याहून जुनं.

आपल्याकडे कंपनीच्या काळात कलकत्ता, मद्रास आणि मुंबई इथे ॲडव्होकेट जनरल आले. 1935 च्या भारत सरकार कायद्याच्या कलम 55 ने प्रत्येक प्रांताला एक दिला आणि घटनेचा अनुच्छेद 165 त्याच वाटेने आला. मुंबई प्रांताचे 1937 ते 1942 मधले ॲडव्होकेट जनरल मोतीलाल सेटलवाड पुढे 1950 मध्ये भारताचे पहिले महान्यायवादी झाले. होरमसजी सिरवई 1957 पासून 1974 पर्यंत मुंबईचे आणि मग महाराष्ट्राचे महाधिवक्ता होते.

उभा_वकील
महाधिवक्ता फक्त सरकारची बाजू मांडतात हा समज मात्र इथे दुरुस्त करायला हवा. काही कामं कायद्याने त्यांच्या नावावर आहेत आणि तिथे सामान्य माणसाचा संबंध येतो. उच्च न्यायालयाच्या फौजदारी अवमानाची याचिका खासगी व्यक्तीला करायची असेल, तर 1971 च्या न्यायालय अवमान कायद्याच्या कलम 15 प्रमाणे महाधिवक्त्यांची लेखी संमती लागते. अर्जात वादग्रस्त मजकूर जसाच्या तसा, तारीख आणि तो कुठे आला हे द्यावं. कलम 20 प्रमाणे अवमान घडल्यापासून एक वर्षाच्या आतच कारवाई सुरू व्हावी लागते. संमतीच्या अर्जालाच दहा महिने लावले तर पुढे धावपळ होते. आदेश पाळला नाही म्हणून होणाऱ्या दिवाणी अवमानाला ही संमती लागत नाही, तरी लोक ती मागत बसतात.

सार्वजनिक उपद्रवाचा दावाही महाधिवक्ता लावू शकतात (दिवाणी प्रक्रिया संहिता, कलम 91). राज्याच्या कायद्याच्या वैधतेचा घटनात्मक प्रश्न दाव्यात निघाला तर त्याच संहितेच्या आदेश 27-अ प्रमाणे त्यांना नोटीस गेल्याशिवाय न्यायालय तो ठरवत नाही. वकिलाविरुद्ध शिस्तभंगाचा आदेश देण्यापूर्वी बार कौन्सिलच्या (वकिलांच्या नियामक संस्थेच्या) समितीने त्यांनाही म्हणणं मांडण्याची संधी द्यायची असते.

रानजाई
आणि बातमीत नुसतं 'एजी' आलं तर?

उभा_वकील
संदर्भ बघा. नागपुरात 'एजी ऑफिस' म्हटलं की बहुतेकांना महालेखापालांचं (अकाउंटंट जनरल) कार्यालय आठवतं. निवृत्तिवेतनाची बातमी असेल तर तेच. न्यायालयाची बातमी असेल तर महाधिवक्ता, आणि दिल्लीच्या सर्वोच्च न्यायालयातला एजी म्हणजे महान्यायवादी. पहिल्या उल्लेखात पूर्ण पदनाम लिहावं, 'एजी' नंतर.