एलईडी, रेझिस्टर आणि पात्याची नळी
घरी बनवलेल्या लाइटसेबरच्या (‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतील चमकत्या पात्याच्या तलवारीच्या) मुठीतील बॅटरी थेट एलईडीला जोडली तर चालेल का, या प्रश्नाचे माझे उत्तर असे. चालेल, पण फार काळ नाही. 18650 आकाराचा लिथियम-आयन सेल पूर्ण चार्ज झाल्यावर 4.2 व्होल्ट देतो, तर लाल एलईडीला साधारण 2.4 व्होल्ट पुरतात; म्हणून 1 अँपिअर प्रवाह धरल्यास उरलेल्या 1.8 व्होल्टसाठी 1.8 ओहमचा रेझिस्टर (जादा प्रवाह रोखून एलईडी वाचवणारा भाग) लागतो, आणि त्यात जवळपास 2 वॅट उष्णता निर्माण होत असल्याने तो निदान 3 वॅटचा घ्यावा. नेहमीचा पाव वॅटचा रेझिस्टर बघता बघता करपतो. निळ्या एलईडीसाठी हाच हिशोब त्याच्या डेटाशीटवरून (उत्पादकाने दिलेल्या तांत्रिक माहितीवरून) नव्याने मांडावा.

पात्यासाठी ॲक्रिलिकचा मोह टाळावा. ते चकचकीत दिसते खरे, पण आपटले की त्याच्या धारदार कपच्या उडतात, आणि घरात मुले असतील तर तलवार आपटणारच. 1 इंच बाह्य व्यासाची पॉलिकार्बोनेटची नळी घेऊन आत पारभासी फिल्मची सुरळी सरकवावी, म्हणजे उजेड टोकापर्यंत पसरतो. सेल संरक्षक सर्किट (गडबड झाल्यास प्रवाह तोडणारे) असलेलाच असावा, कारण धातूच्या मुठीला एखादी उघडी तार टेकली की शॉर्टसर्किट झालेच. प्रत्येक सांध्यावर हीटश्रिंक (तापवल्यावर आकसून तारेवर घट्ट बसणारी प्लास्टिकची नळी) चढवल्याशिवाय मूठ बंद करू नये.