नवा प्रोजेक्ट आणि एआयचे चाळीस प्रश्न

कोडगा
परवा इथे एकाने ‘नवीन प्रोजेक्टआधी एआयला चिकटवा’ म्हणून तयार प्रॉम्प्ट (एआयला द्यायची सूचना) टाकला. एआयने आपल्याला चाळीस प्रश्न विचारायचे: डेटाबेस कुठला, मोनोरेपो (सगळा कोड एकाच जागी) का, लॉगिन कसं, युजर किती येतील. खाली नुसती वाहवा. अहो, एक ओळ कोड नसताना ‘युजर किती’ला माणूस काय उत्तर देणार? फेकणार! आणि एआय ते खरं धरून क्यूबरनेटीज, म्हणजे ढीगभर सर्व्हर सांभाळायचा पसारा, मांडून बसतो. कशासाठी, तर सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब. तिथे एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसची एक फाइल पुरते. त्यापेक्षा जावास्क्रिप्टचा प्रोजेक्ट मांडून देणारी एनपीएम इनिट कमांड बरी, तिचे प्रश्न थोडेच. एंटर, एंटर, संपलं.

अर्धविराम
एंटर दाबत सुटल्यामुळेच ढिगाने पॅकेजेसवर आयएससी हे ओपन-सोर्स लायसन्स आहे. निवडलं कुणी? कुणीच नाही, डिफॉल्ट होतं.
मी हाच प्रॉम्प्ट वापरते. ‘युजरने माझा डेटा काढून टाका म्हटलं तर?’ हा प्रश्न त्यात होता, म्हणून आमची टेबलं आधीच तशी मांडली गेली. २०२३च्या डेटा संरक्षण कायद्यात तो हक्क आहे, माहीत असेलच. शिवाय उत्तरं रेपोतच, म्हणजे कोडच्या शेजारीच, राहतात. नवा माणूस आला की ‘मोंगो डेटाबेस का नाही घेतला’ यावर पुन्हा कीर्तन नको.

कोडगा
उत्तरं राहतात, पण कुणाची? आमच्या टीममधला पठ्ठ्या प्रत्येक प्रश्नाला ‘तुला योग्य वाटेल ते’ लिहितो. म्हणजे एआयनेच विचारायचं, एआयनेच सांगायचं, आणि आपण डिझाइन झालं म्हणून चहाला जायचं.

जुना_पापी
चाळीसही वाचले. माणसाचं नाव किती रकान्यांत घ्यायचं, हा प्रश्न एकातही नाही. सगळं फर्स्ट नेम, लास्ट नेम. एका कॉलेजच्या प्रवेशाचं काम केलंय मी. दाखल्यावर आडनाव आधी, आधारवर शेवटी, लग्न झालेल्या मुलींचं तर विचारूच नका. आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्यांचं नाव सरकारी कागदावर स्वतःचं, आईचं, वडिलांचं, मग आडनाव असं. ही पोरं शाळेत येतील तेव्हा तुमचं ‘मिडल नेम (ऐच्छिक)’ काय करणार?

रिकामटेकडा
+१. आणि यादी अकारविल्हे लावा म्हटलं की खरी मजा. युनिकोडच्या (कॉम्प्युटरमध्ये अक्षरांना दिलेल्या नंबरांच्या) क्रमाने ‘ळ’ हा ल आणि व यांच्या मध्ये घुसतो.

कोडगा
‘ळ’ने सुरू होणारं एक आडनाव दाखव, मग बोलू.

रिकामटेकडा
सुरुवातीला कशाला हवा? काळे आणि कावळे घ्या. आपल्या वर्णमालेत ळ हा ह नंतर, म्हणजे कावळे आधी, काळे मागून. कॉम्प्युटर उलटं लावतो. ‘क्ष’चं तेच, तो क मध्ये जाऊन बसतो.

अर्धविराम
पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये आवृत्ती १०पासून आयसीयू ही भाषांचे नियम जाणणारी लायब्ररी आहे, त्यात मराठी कोलेशन, म्हणजे अक्षरक्रम, मिळतं. एका ओळीचं काम.

जुना_पापी
ताई, ती ओळ लिहायची असते हे सुचायला आधी कुणीतरी विचारावं लागतं. आमच्या क्लायंटकडे कावळेबाईंचं नाव सापडेना म्हणून क्लार्कने त्यांची दुसऱ्यांदा नोंद केली. फीची पावतीही दोनदा.

अर्धविराम
मग मी वेगळं काय म्हणतेय! आधी विचारा म्हणतेय ना? तुम्हा लोकांना प्रश्न बाईने मांडला की तो फालतू, आणि तोच दादांनी मांडला की अनुभव.

कोडगा
यात बाई-दादा कुठून आलं? आणि विषय प्रॉम्प्टचा होता, बालभारतीचा नाही.

जुना_पापी
प्रॉम्प्टचाच चाललाय. कॅशिंगवर (डेटाची प्रत हाताशी ठेवण्यावर) पाच प्रश्न आहेत, भाषेवर एक नाही. ज्याने लिहिला त्याचा युजर जॉन स्मिथ असणार.

कोडगा
बरं बाबा, डेटा काढण्याचा आणि नावाचा, एवढे दोन ठेवा. कॅशिंगचे पाचही मात्र उडवा.

अर्धविराम
उपकार झाले. कॅशिंगचे चार उडवते. ‘कॅश शिळी झाली तर चालेल का’ हा राहणार.

रिकामटेकडा
आणि ‘ऱ्य’? सर्चमध्ये कुणी ‘र्‍य’ टाइप केला तर? दिसतं सारखं, आतले कोड वेगळे.

कोडगा
याला कुणीतरी वेगळा धागा काढून द्या रे.